'ब्रदर्स इन आर्म्स' घ्यायचा तर कोणता?

डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश बँडचा 'ब्रदर्स इन आर्म्स' हा अल्बम मे 1985 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज तो विकत घेऊ पाहणाऱ्या माणसासमोर निदान चार पर्याय असतात: त्या काळची एका तबकडीची रेकॉर्ड, त्या काळची सीडी, 2005 सालची विसाव्या वर्षानिमित्तची आवृत्ती आणि अलीकडे आलेल्या दोन तबकड्यांच्या रेकॉर्डी. जुन्या रॉक संगीताबाबत जाणकार साधारणपणे एकच सल्ला देतात, की शक्य असेल तर पहिल्या छपाईची रेकॉर्ड मिळवावी, कारण मूळ अल्बम तोच. या अल्बमपुरता मात्र तो सल्ला मला चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण हा अल्बम ज्या पद्धतीने ध्वनिमुद्रित झाला तिच्यात आहे.

बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटावर उभारलेल्या एअर स्टुडिओत, 1984 च्या अखेरीपासून 1985 च्या सुरुवातीपर्यंत, बँडचे गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर आणि ध्वनिमुद्रक व सहनिर्माते नील डॉर्फ्समन यांनी हे काम केले. त्यासाठी त्यांनी सोनीचे 24 ट्रॅकचे डिजिटल यंत्र वापरले. त्यामुळे गिटारचा आणि ड्रम्सचा आवाज चुंबकीय फितीवर लहरींच्या रूपात न उतरता आकड्यांच्या रूपात उतरला. अशा अल्बमची रेकॉर्ड कापताना त्या आकड्यांच्या पुन्हा लहरी कराव्या लागतात, म्हणजे 'अ‍ॅनालॉगचा ऊबदार मूळ आवाज' म्हणून जी वस्तू चढ्या भावाने विकली जाते, ती येथे मूळच्या अधिक जवळ नसून एक पायरी पुढे असते. रेकॉर्डचा आवाज आवडू नये असा याचा अर्थ नाही. त्या आवाजाला अस्सलपणाचे वेगळे मोल देऊ नये, इतकेच.

याहून महत्त्वाचा फरक लांबीचा आहे आणि खरेदीपूर्वी तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सीडीवर हा अल्बम सुमारे 55 मिनिटांचा आहे, तर 1985 च्या रेकॉर्डवर साडेसत्तेचाळीस मिनिटांच्या आसपास. रेकॉर्डच्या एका बाजूवर जितकी अधिक मिनिटे बसवावीत तितक्या खाचा एकमेकींना चिकटत जातात आणि मग आवाजाची पातळी व खर्ज दोन्ही कमी करावे लागतात. सीडीवरील पहिली पाच गाणी तेहेतीस मिनिटांच्या जवळ जातात, आणि एका बाजूसाठी हा ऐवज फारच मोठा होतो. तेव्हा कात्री चालली ती मुख्यतः पहिल्या बाजूवर: 'सो फार अवे' 5:12 वरून 3:59 वर आले, 'मनी फॉर नथिंग' 8:26 वरून 7:04 वर, 'युअर लेटेस्ट ट्रिक' 6:33 वरून 4:46 वर आणि पाचवे 'व्हाय वरी' 8:31 वरून 5:22 वर. 'वॉक ऑफ लाइफ' आणि दुसरी बाजू जवळजवळ जशीच्या तशी राहिली.

या काटछाटीचा परिणाम चारही गाण्यांवर सारखा होत नाही आणि निवड करणाऱ्याने खरे तर येथेच थांबून ऐकावे. 'सो फार अवे' हे गाणे आखूड होऊन बिघडत नाही. उलट त्याच त्या ध्रुपदाभोवती घोटाळत राहण्याऐवजी ते वेळेवर उठून जाते, आणि अल्बमची सुरुवात म्हणून मला ते रेकॉर्डवरच अधिक नेटके वाटते. 'मनी फॉर नथिंग'चेही फारसे नुकसान होत नाही. उरलेल्या दोन गाण्यांची गोष्ट वेगळी आहे. 'युअर लेटेस्ट ट्रिक'मध्ये रँडी ब्रेकर यांचा ट्रम्पेट आणि मायकल ब्रेकर यांचा सॅक्सोफोन रात्री उशिराच्या रिकाम्या रस्त्याचे जे वातावरण उभे करतात, त्याला सावकाशपणाच लागतो, आणि पावणेदोन मिनिटे कमी झाल्यावर ते गाणे चांगले राहूनही थोडे घाईत असल्यासारखे वाटते. 'व्हाय वरी'मध्ये तर शब्द संपल्यानंतर गिटार आणि कीबोर्ड्स एकमेकांना हलकेच उत्तरे देत राहतात आणि तो लांबलेला वाद्यमेळ हाच त्या गाण्याचा अर्धा जीव आहे. त्यातली तीन मिनिटे गेल्यावर उरते ते एक गोड अंगाईगीत. ज्याने फक्त रेकॉर्ड ऐकली आहे त्याला हे गाणे किरकोळ वाटत असेल, तर दोष त्याच्या कानांचा नाही.

आपल्याकडे त्या पिढीतल्या बहुतेकांनी हा अल्बम यांपैकी कशावरच न ऐकता कॅसेटवर ऐकला, आणि पुष्कळदा तीही कोणाकडून तरी भरून घेतलेली. मीही त्यातलाच. शेवटचे गाणे पूर्ण होण्याआधीच माझी कॅसेट संपत असे, त्यामुळे 'ब्रदर्स इन आर्म्स' या गाण्याचा शेवट कसा आहे हे मला पुढे कित्येक वर्षांनी, सीडी हाती आल्यावर कळले.

हे शेवटचे गाणे म्हणजे तुलनेची दुसरी कसोटी. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या 1982 च्या फॉकलंड युद्धाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेले हे गाणे दूरच्या गडगडाटाने, अगदी दबक्या आवाजात उघडते, आणि नॉफ्लर यांची गिटार स्वरांइतकीच स्वरांमधल्या शांततेवर उभी असते. रेकॉर्डवर ते दुसऱ्या बाजूच्या अगदी आतल्या टोकाला येते. तबकडी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेत असली तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटीमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम 20-22 सेंटीमीटर. तितक्याच आवाजासाठी तिथे निम्म्याहून कमी जागा मिळते. परिणामी जिथे सर्वांत जास्त स्वच्छतेची गरज आहे तिथेच सुई सर्वांत अडचणीत असते. सुई चांगली आणि नीट बसवलेली असेल तर हे निभावते. हौसेखातर घेतलेल्या सुटकेससारख्या छोट्या प्लेयरवर मात्र गडगडाट कोणता आणि खरखर कोणती हे ओळखणे अवघड जाते. सीडीवर हा प्रश्नच नाही, आणि सीडी हे माध्यम नवे असताना असंख्य लोकांनी आपल्या नव्या प्लेयरवर हाच अल्बम का लावला असेल हे या एका गाण्यावरून समजते. सीडीवर दहा लाखांहून अधिक खपलेल्या अगदी पहिल्या अल्बमांत त्याची गणना होते.

दोन तबकड्यांच्या नव्या आवृत्त्या या दोन्ही अडचणी पैसे खर्चून सोडवतात. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत माइल्स शोवेल यांनी निम्म्या वेगाने कापलेली आणि 45 फेऱ्यांवर वाजणारी आवृत्ती त्यांपैकी एक. संगीत आणि तबकडी दोन्ही निम्म्या वेगाने चालवल्यामुळे कापणाऱ्या सुईला बारीक कंगोरे उमटवायला दुप्पट वेळ मिळतो, आणि चार बाजू असल्यामुळे गाणी पूर्ण लांबीची राहतात. आवाज उत्तम आहे. मात्र तीनदा उठून तबकडी उलटावी किंवा बदलावी लागते आणि ज्या अल्बमची दुसरी बाजू सलग ऐकण्यासाठीच रचल्यासारखी आहे, तिच्या मधेच उठणे मला रुचत नाही. 'राइड अक्रॉस द रिव्हर'पासून शेवटापर्यंत युद्ध आणि सत्ता यांचाच धागा चालतो. तो तुटला की गाणी सुटी पडतात.

2005 च्या आवृत्तीत चक एन्ले यांनी केलेले 5.1 सराउंड, म्हणजे श्रोत्याभोवती ठेवलेल्या सहा स्पीकरांसाठीचे, मिश्रण आहे आणि त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. घरी सहा वाहिन्यांची व्यवस्था आणि एसएसीडी (सीडीचाच अधिक क्षमतेचा प्रकार) वाजवणारा प्लेयर असेल तर ती अवश्य घ्यावी. नसेल तर त्या तबकडीतला जो भाग ऐकू येईल तो साधा स्टीरिओच असेल.

स्ट्रीमिंगवर पूर्ण लांबीची गाणी मिळतात आणि अल्बम आवडतो की नाही हे ठरवण्यास तेवढे पुरेसे आहे. फक्त ती पारख 'मनी फॉर नथिंग'वर करू नये. त्या गिटारचा प्रसिद्ध चिरका आवाज मायक्रोफोन ठरल्या जागी नसताना योगायोगाने सापडला, असे डॉर्फ्समन यांनी सांगितले आहे, आणि तो इतका ठसठशीत आहे की मोबाइलच्या स्पीकरवरही तग धरतो. आवृत्त्यांमधला फरक कळायचा तो 'व्हाय वरी'च्या उत्तरार्धात.

तेव्हा घरात बरा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर असून एकच प्रत घ्यायची असेल, तर माझे मत जुन्या सीडीच्या बाजूने आहे. 1996 मध्ये रीमास्टर झालेल्या, म्हणजे मूळ मुद्रणावरून आवाज नव्याने बेतलेल्या, सीडीत आवाजाची पातळी थोडी चढवलेली आहे; तीही वाईट नाही, पण शांत आणि मोठा यांतले अंतर पहिल्या सीडीवर अधिक मोकळे आहे. टर्नटेबल चांगले असेल आणि उठबस करण्याची तयारी असेल, तर 45 फेऱ्यांची जोडी घ्यावी. एका तबकडीची जुनी रेकॉर्ड स्वस्तात आणि ओरखड्यांशिवाय मिळाली तर दुसरी प्रत म्हणून जरूर घ्यावी. पहिली म्हणून घेऊ नये. माझ्याकडे ती आहे, आणि 'सो फार अवे'साठी मी ती अधूनमधून लावतोही. पाचवे गाणे सुरू होण्यापूर्वी मात्र सुई उचलतो.