मुंबईत मापं घ्यायची, तर कोणतं प्रक्षेपण?

समजा वरळीला भरतीरेषेपासून सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) ५०० मीटरचा बफर, म्हणजे रेषेभोवतीचा ठरावीक रुंदीचा पट्टा, टाकायचाय. वेब मर्केटर या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायच्या पद्धतीत (ईपीएसजी कोड ३८५७; पुढचे कंसातले आकडेही असेच कोड), टाकलात, तर जमिनीवर तो सुमारे ४७० मीटरच भरतो. बहुतेक ऑनलाइन नकाशे याच प्रक्षेपणात येतात. विषुववृत्तापासून लांब जावं तसं त्याचं स्केल (नकाशातलं अंतर जमिनीवरच्या अंतराच्या किती पट) वाढतं; मुंबईच्या १९ अक्षांशावर ते साधारण १.०६ पट. २१.८ किमीचा अटल सेतू त्यात २३ किमीचा होतो, एक हेक्टरचा प्लॉट १.१२ हेक्टरचा. ताण सगळ्या दिशांना जवळपास सारखा, म्हणून आकार बिघडत नाही आणि चूक डोळ्यांना दिसतच नाही. मागे पार्श्वभूमी म्हणून दाखवायला ठीक, मोजायला नको.

मोजायला यूटीएम ४३ उत्तर (३२६४३). यूटीएम पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडतं; हा त्यातला ४३ वा. त्याच्या मध्य रेखावृत्तावर, ७५ अंश पूर्वेला, स्केल मुद्दाम ०.९९९६ ठेवलंय, साधारण १८० किमीवर ते बरोबर १ होतं, पुढे वाढत जातं. मुंबई सव्वादोनशे किमी पश्चिमेला, म्हणून इथे किलोमीटरमागे सुमारे २० सेंमी जास्त. टोटल स्टेशनच्या (जमिनीवर अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राच्या) मापांशी जुळवताना नकाशावरच्या मापातून तेवढं वजा करा. काम नागपूरपर्यंत गेलं तर मात्र हाच झोन किलोमीटरमागे पावणेदोन मीटरच्या आसपास चुकतो. तिथे झोन ४४ लागतो.

देशभराच्या नकाशासाठीचं लॅम्बर्ट शंकू प्रक्षेपण (७७५५) अंदाजे साडेबारा आणि ३५ अक्षांशांवर खरं, त्यांच्या मधे आखडलेलं. मुंबईत स्केल ०.९८४, म्हणजे ५०० चा बफर ५०८ मीटरचा. राज्यं शेजारी शेजारी दाखवायला उत्तम.

साध्या अक्षांश-रेखांशांच्या, अंशांमधल्या ४३२६ मध्ये बफरला ५०० लिहिलंत तर ते ५०० अंश! मग लोक ०.००४५ अंश टाकतात. तो उत्तर-दक्षिण ४९८ मीटर भरतो, पूर्व-पश्चिम ४७४.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथे होते: प्रोजेक्टचं प्रक्षेपण बदललं तरी लेयर (नकाशातला माहितीचा थर) जुन्याच प्रक्षेपणात राहतो, आणि बफर लेयरचं एकक धरतो. आधी 'रिप्रोजेक्ट लेयर' करून नवी फाइल काढा. 'सेट लेयर सीआरएस' नको; त्याने फक्त लेबल बदलतं आणि लेयर भलतीकडेच उडतो. प्रोजेक्ट ३२६४३ वर ठेवून मोजपट्टीवर अटल सेतू कार्टेशियन (सपाट नकाशावर) आणि एलिप्सॉइडल (पृथ्वीच्या गोलाईवर) असा दोनदा मोजा. फरक चार-पाच मीटरचा यायला हवा; किलोमीटरभर आला, तर प्रोजेक्ट अजून ३८५७ वरच आहे.