दाराच्या भेगा बुजवण्याचे तीन उपाय: पावसाळा आणि हिवाळा गेल्यानंतरचा अनुभव

राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या सागवानी दाराला पडलेल्या भेगा गेल्या एप्रिलमध्ये बुजवल्या, तेव्हा पारख व्हावी म्हणून तीन वेगवेगळे उपाय केले होते.

बारीक चिरांत सागवानाचा भुसा पांढऱ्या गोंदात कालवून भरला. वरच्या भागात तो आजही घट्ट आहे. मात्र खाली, जिथे पावसाचे शिंतोडे उडतात, तिथे ओलाव्याने गोंद मऊ पडून भरणी सुटली. रंगही मूळ लाकडापेक्षा काळपट दिसतो.

मध्यम भेगांत दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी भरली. पाण्याने तिला काहीही झाले नाही. परंतु लाकूड हवेतील दमटपणानुसार आडव्या अंगाने फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. पुट्टी मात्र हलत नाही, त्यामुळे थंडीत फळी आकसताच तिच्या एका कडेने केसासारखी फट उघडली. पॉलिशही ती धरत नाही. बिजागरीजवळच्या कुजलेल्या खळग्यासाठी मी ती पुन्हा वापरीन, लांब भेगेसाठी नाही.

सर्वांत रुंद भेगेत सुताराने जुन्याच सागवानाची निमुळती पट्टी, रेषा फळीच्या रेषांना समांतर ठेवून बसवली आणि रंध्याने सपाट केली. गोंद एकाच कडेला लावायचा, असा त्याचा आग्रह होता, आणि तो किती योग्य होता हे जुलैत कळले. उन्हाळ्यात भेग रुंद असते. तेव्हा पट्टी दोन्हीकडून आवळून बसवली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही. दुसऱ्या कडेला पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवून तीत जवसाच्या तेलात पातळ केलेले मेण भरले होते. आज जोड शोधावा लागतो.

आतल्या दिलह्यांच्या (चौकटीत बसवलेल्या फळ्यांच्या) दारांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: दिलहा चौकटीच्या खाचेत मोकळा असावा लागतो. रंगाच्या थरांनी तो चिकटला, की आकसताना मधोमध फाटतो. म्हणून भेग भरण्याआधी कडेचा रंग पातळ पात्याने कापून घ्यावा, नाहीतर तीच भेग परत पडते.

जवसाचे तेल पुसलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

खालची सुटलेली भरणी खरवडून तिथेही आता पट्टीच बसवून घेणार आहे.