रेसिड्यूंचे काँटॅक्ट काढताना: अंतर धरावं की क्षेत्रफळ?

प्रोटीनच्या अणूंची स्थानं देणारी पीडीबी फाइल हातात आहे, काँटॅक्टची, म्हणजे साखळीतले कोणते रेसिड्यू (अमिनो आम्लं) एकमेकांना भिडतात याची, यादी काढायची आहे, आणि अंतराचा कटऑफ लावावा की व्होरोनॉय पद्धतीने संपर्काचं क्षेत्रफळ काढावं इथे अडला असाल, तर हे वाचा. मी दोन्ही वापरतो. पण पेपरात किंवा थिसिसमध्ये जाणाऱ्या आकड्यांसाठी हल्ली बहुतेक वेळा क्षेत्रफळाकडे वळतो. त्याला कारणीभूत एकच त्रास आहे, त्यावर येतोच.

आधी अंतराची बाजू, कारण ती भक्कम आहे. एमडीट्राज किंवा एमडीअ‍ॅनालिसिस या पायथन लायब्रऱ्यांमध्ये चार ओळींत काम होतं, सिम्युलेशनमधली लांबलचक ट्रॅजेक्टरीही (हलत्या रेणूच्या एकामागून एक फ्रेम) साध्या मशीनवर निघते, आणि काय केलं हे कुणालाही एका वाक्यात सांगता येतं. प्रोटीन-रचनेचे अंदाज तपासणाऱ्या कॅस्प या स्पर्धेत काँटॅक्टचे अंदाज तपासायला बीटा कार्बनांमधलं (साइड चेनच्या, म्हणजे बाजूच्या शाखेच्या, पहिल्या कार्बनांमधलं) ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी अंतर हीच व्याख्या वापरली गेली, ग्लायसीनसाठी मुख्य साखळीतला अल्फा कार्बन धरून. तुमची यादी सहउत्क्रांतीवरून (उत्क्रांतीत जोडीने बदलत गेलेल्या रेसिड्यूंवरून) काढलेल्या अंदाजांशी ताडून पाहायची असेल तर तीच व्याख्या घ्या, उगाच वेगळी वाट धरू नका. तसंच प्रश्न 'भिडतंय की नाही' एवढाच असेल तरी अंतर पुरतं. विदर्भात सिकलसेलवर काम करणारे बरेच जण आहेत, त्यांना हे उदाहरण जवळचं वाटेल: डीऑक्सी (ऑक्सिजन न बांधलेल्या) सिकल हिमोग्लोबिनच्या २एचबीएस या पीडीबी रचनेत बीटा साखळीतलं सहावं व्हॅलीन शेजारच्या रेणूतल्या फेनिलअ‍ॅलानीन ८५ आणि ल्यूसीन ८८ यांच्या खाचेत बसलेलं दिसतं. हे पाहायला क्षेत्रफळ कशाला हवं? साइड चेनच्या अणूंमधलं अंतर मोजलं की झालं.

बीटा कार्बनचा हिशोब मात्र लांब साइड चेनपाशी फसतो. पूर्ण ताणलेल्या आर्जिनिनच्या टोकाचा नायट्रोजन स्वतःच्याच बीटा कार्बनपासून सुमारे ६ अँगस्ट्रॉमवर असतो. तिथे अ‍ॅस्पार्टेटशी उत्तम सॉल्ट ब्रिज (विरुद्ध भारांची जोडणी) झालेला असला, तरी दोन बीटा कार्बन ८ च्या बाहेर राहू शकतात आणि जोडी यादीतून गळते. उलट पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन साइड चेन यादीत येतात. म्हणून बहुतेक जण हायड्रोजन सोडून सगळ्या अणूंमधलं किमान अंतर धरतात आणि ४.५ किंवा ५ वर रेघ मारतात. मीही बरीच वर्षं तेच करत होतो.

त्रास आहे तो या रेघेचा. माणसाच्या डीऑक्सी हिमोग्लोबिनच्या दोन रचना घ्या: १.७४ अँगस्ट्रॉमची ४एचएचबी आणि १.२५ अँगस्ट्रॉमची २डीएन२. प्रोटीन तेच, अवस्था तीच. दोन्हींवर ४.५ चा कटऑफ लावून याद्यांची वजाबाकी केली, तर काहीच उरू नये असं वाटतं. प्रत्यक्षात बरंच उरतं. पृष्ठभागावरच्या काही साइड चेन खरोखर वेगळ्या वळलेल्या असतात, ते मान्य. पण उरलेल्या जोड्या एकेक करून चायमेराएक्स या रचना पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की दिसतं, एका रचनेत अंतर ४.४ आहे आणि दुसरीत ४.६. रचनेत काहीच घडलेलं नाही, जोडी फक्त रेघेच्या या बाजूची त्या बाजूला गेली आहे. मग ऑक्सी आणि डीऑक्सी यांची तुलना करायला घेतली की खरे बदल या गाळात रुतून बसतात आणि प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी लागते. ट्रॅजेक्टरीत तर एकच जोडी फ्रेमागणिक तुटते आणि जुळते. कटऑफ ५ केला तर गाळ जात नाही, नवा येतो. शिवाय ४.५ का, ५ का नाही, हा प्रश्न गाइडपासून रिव्ह्यूअरपर्यंत प्रत्येक जण विचारतो, आणि 'सगळे तेच घेतात' यापलीकडे माझ्याकडे उत्तर नसायचं.

व्होरोनोटा मी यासाठी हाती घेतलं. विल्नियसच्या ओलेख्नोविच आणि वेन्क्लोवस यांचं हे सॉफ्टवेअर, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं. प्रत्येक अणूला त्याच्या वाट्याची जागा आखून देतं आणि दोन अणूंच्या जागा जिथे एकमेकींना लागतात त्या सामाईक भिंतीचं क्षेत्रफळ देतं. मर्यादा इथेही आहेच, पण ती पाण्याच्या रेणूची: १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोळा मधून जाऊ शकत असेल तर ते दोन अणू शेजारी नाहीत. दोन कार्बनांसाठी हा हिशोब ढोबळमानाने ६.२ अँगस्ट्रॉमपर्यंत जातो. मध्ये तिसऱ्याच रेसिड्यूचा अणू बसला असेल तर भिंत त्याच्याशी होते, पलीकडच्याशी नाही. आणि रेघेवरच्या जोड्या आपोआप शून्याजवळच्या क्षेत्रफळाने येतात. त्या आल्या काय, गेल्या काय, निष्कर्ष हलत नाही.

हिमोग्लोबिनमध्येच याचा फायदा नीट दिसतो. बीटा साखळीतलं हिस्टिडीन ९७ डीऑक्सी अवस्थेत समोरच्या अल्फा साखळीच्या थ्रिओनीन ४१ आणि प्रोलीन ४४ यांच्या मध्ये बसतं, ऑक्सिजन बांधल्यावर हेलिक्सचं एक वळण सरकून थ्रिओनीन ३८ आणि ४१ यांच्या मध्ये येतं. हिमोग्लोबिनची रचना उलगडणाऱ्या पेरुट्झच्या कामापासून हा बदल प्रसिद्ध आहे. हो-नाहीच्या यादीत थ्रिओनीन ४१ दोन्हीकडे तसंच राहतं, आणि बाकी दोघांचं येणं-जाणं इतर किरकोळ ओळींइतकंच महत्त्वाचं दिसतं. क्षेत्रफळाच्या यादीत फरकानुसार क्रम लावला की प्रोलीनचा वाटा ओसरलेला आणि ३८ चा वाढलेला वरच्या ओळींतच दिसतो. मला वाटतं, ज्याला दोन अवस्थांची तुलना करायची आहे त्याच्यासाठी एवढं कारण पुरेसं असावं.

आता याच्याही अडचणी सांगायला हव्यात. क्षेत्रफळ म्हणजे ऊर्जा नव्हे. बीटा हिस्टिडीन १४६ आणि अ‍ॅस्पार्टेट ९४ यांचा सॉल्ट ब्रिज डीऑक्सी अवस्थेसाठी फार मोलाचा आहे, पण क्षेत्रफळाच्या क्रमात तो एखाद्या सुस्त जलविरोधी जोडीच्या खाली जाऊ शकतो. तिथे विरुद्ध भारांच्या अणूंमधलं ४ अँगस्ट्रॉमचं अंतर पाहणंच योग्य. बंधांचा प्रकार हवा असेल, म्हणजे हायड्रोजन बंध कुठे, पाय-स्टॅकिंग कुठे, तर पादोवाचं रिंग हे सॉफ्टवेअर वापरा. ते काम वेगळं आहे आणि ते छान करतं. व्होरोनोटात हेटेरोअ‍ॅटम (प्रोटीनच्या साखळीबाहेरचे अणू) धरण्याचा पर्याय स्वतःहून द्यावा लागतो. तो दिला नाही तर हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारा लोहाचा गट, गायब होतो आणि त्याच्या खिशाभोवतीचे आकडे निरर्थक ठरतात. ट्रॅजेक्टरीसाठी मूळ व्होरोनोटा मला संथ वाटलं. नवीन व्होरोनोटा-एलटी बरंच चपळ आहे, तरी लाखभर फ्रेम असतील तर मी आधी अंतराने चाळून मोजक्या फ्रेमवर क्षेत्रफळ काढेन. अंतरावरच राहायचं असेल तर निदान एमडीअ‍ॅनालिसिसचा सॉफ्ट कट लावा, त्यात जोडी एकदम न गळता हळूहळू कमी मोजली जाते. रेघेचा त्रास त्याने पूर्ण जात नाही, पण बराच निवळतो.

आणि पद्धत कोणतीही घ्या, ऑक्सी रचनेची फाइल उघडताना एक बघा. २डीएन१ या ऑक्सी रचनेत असममित एककात (स्फटिकाच्या ज्या भागाचे अणू फाइलमध्ये असतात त्यात) एकच अल्फा-बीटा जोडी आहे. ज्या पृष्ठावर हिस्टिडीन ९७ सरकतं ते पृष्ठ सममितीने तयार होणाऱ्या दुसऱ्या जोडीसमोर असतं, त्यामुळे साध्या फाइलमध्ये ते अस्तित्वातच नसतं. बायॉलॉजिकल असेंब्लीची, म्हणजे पूर्ण रेणूची, फाइल घ्या. जुन्या पीडीबी स्वरूपात तिच्यात दुसरी जोडी त्याच साखळी-अक्षरांनी दुसरं मॉडेल म्हणून येते, आणि बऱ्याच स्क्रिप्ट पहिल्या मॉडेलवरच थांबतात. व्होरोनोटात मॉडेलं वेगळ्या साखळ्या म्हणून वाचण्याचा पर्याय आहे. स्वतःची स्क्रिप्ट असेल तर काँटॅक्ट काढण्याआधी चार साखळ्या मोजून घ्या.