टोंगळ्यासाठी मिरचीच्या अर्काचं क्रीम: गुण येतो, पण धीर धरला तर

भिवापूर-उमरेड पट्ट्यात मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांना हाताची आग नवी नाही. ती आग करणारं कॅप्सेसिनच टोंगळेदुखीवरचं (गुडघेदुखीवरचं) क्रीम म्हणून मेडिकलमध्ये मिळतं. झिजेच्या दुखण्यावर त्याने मध्यम, पण खरा आराम पडतो. तरी पुष्कळ ट्यूबा दोन दिवसांत कोनाड्यात जातात, कारण आधी आग होते आणि आराम मागून येतो.

घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. ०.०२५ टक्क्यांपासून सुरुवात करा, ०.०७५ एकदम नको. बऱ्याच जेलमध्ये डायक्लोफेनॅक, मिथाइल सॅलिसिलेट ही दुखण्यावरची दुसरी औषधं आणि मेन्थॉलही असतं. लावताक्षणी गार वाटलं तर तो मेन्थॉलचा परिणाम. मिरचीचा गुण पारखायचा असेल तर नुसत्या कॅप्सेसिनचीच ट्यूब मागा.

आधी हरभऱ्याच्या दाण्याएवढं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. फोड आले नाहीत तर टोंगळ्यावर पातळ थर, दिवसातून तीन-चार वेळा. रोज सकाळी उठताना दुखणं शून्य ते दहामध्ये किती, ते कॅलेंडरवर लिहा; गोळ्या मधेच वाढवू-घटवू नका, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही. निकाल दोन ते चार आठवड्यांनी. कॅप्सेसिन दुखण्याची वर्दी देणाऱ्या नसांची टोकं आधी चेतवतं आणि रोजच्या माऱ्याने ती बोथट होतात. म्हणूनच कधीतरी एकदा लावणाऱ्याच्या वाट्याला नुसती आगच येते.

नसांच्या टोकांवरचं जे दार उघडून कॅप्सेसिन त्यांना चेतवतं, तेच दार ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं. मे महिन्यात क्रीम लावून वावरात गेलात, शेक दिला किंवा लगेच गरम पाण्याने आंघोळ केली तर आग दुप्पट वाटेल. वरून पट्टी घट्ट बांधू नका. कापूस वेचताना बोंडाने ओरखडलेल्या कातडीवर तर मुळीच लावू नका. हात नुसत्या पाण्याने साफ होत नाहीत, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही; आधी गोडं तेल चोळून पुसा, मग साबण. त्याच हाताने डोळा चोळणं किंवा लेकरू घेणं टाळा.

बाजारात बिनलेबलाच्या बाटलीतलं मिरचीचं तेल मिळतं, ते आम्ही सुचवणार नाही. तिखटपणा मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत असतो आणि वाणागणिक, झाडागणिक बदलतो. तेल लालभडक दिसलं म्हणून जोर कळत नाही. एका बाटलीने काहीच होत नाही, दुसरीने फोड येतात. घरी जवसाच्या तेलात मिरच्या उकळल्या तरी अडचण तीच.

टोंगळा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा ताप असेल तर क्रीम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. साखरेच्या आजाराने पाय बधिर असतील तर आग जास्त झाली तरी कळत नाही, तिथेही विचारल्याशिवाय लावू नका.