भाड्याच्या घरातला जुना गीझर: थर्मोस्टॅट आणि कटआउट बदलून घेतले, दुकान आणि मिस्त्री दोन्हीचा रिव्ह्यू

ज्यांच्या भाड्याच्या घरात घरमालकाचाच जुना गीझर लावलेला आहे आणि डिसेंबर-जानेवारीत लाईटबिल उगाचच चढतं त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण बऱ्याचदा नवीन गीझर घ्यायची गरजच नसते, आतला काही शे रुपयांचा पार्ट बदलला की काम होतं. आमच्याकडे दोन बदलले, थर्मोस्टॅट (पाणी ठरलेल्या डिग्रीपर्यंत तापलं की वीज तोडतो) आणि कटआउट (थर्मोस्टॅट फसून पाणी फार तापलं तर वीज तोडतो). मी ते लोहार चाळीतून, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारातून, आणले आणि बसवून घेतले आमच्या मुलुंडमधल्याच एका मिस्त्रीदादांकडून. दुकानाला पाचपैकी चार, मिस्त्रीदादांना पूर्ण पाच.

गीझर १५ लिटरचा, २००० वॅटचा, स्टोरेजवाला. लक्षणं अशी होती की पाणी गरम झालं तरी लाल दिवा बंदच होत नव्हता, नळ सोडला की वाफ आणि पाणी एकदम फुर्रफुर्र करत बाहेर यायचं, आणि वर प्रेशर व्हॉल्व्हमधून (टाकीत दाब वाढला की पाणी बाहेर सोडतो तो) सतत पाणी गळायचं. व्हॉल्व्हमधून थेंब-दोन थेंब येणं नॉर्मल असतं कारण पाणी तापलं की फुगतं, पण धार लागते तेव्हा समजायचं की आत टेंपरेचर हाताबाहेर गेलंय. घरात लहान मूल आहे, त्यामुळे बिलापेक्षा मला नळातून येणाऱ्या त्या उकळत्या पाण्याचीच जास्त भीती वाटत होती.

ज्या कंपनीचा गीझर आहे त्यांच्या सर्व्हिसवाल्याने उभ्याउभ्याच सांगितलं की मॉडेल जुनं झालंय, पार्ट येत नाही, नवीन घ्या. झाकणसुद्धा उघडून बघितलं नाही आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. मग शेजारच्या काकूंनी मिस्त्रीदादांचा नंबर दिला.

दादांनी आल्यावर पहिलं काम काय केलं तर एमसीबी (बोर्डावरचा सेफ्टी स्विच) पाडला, प्लग काढला आणि टेस्टर लावून खात्री केली, मग झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट काळे पडून चिकटलेले, म्हणजे तो कनेक्शन तोडतच नव्हता. त्याहून वाईट म्हणजे कटआउटला बाजूने वायर मारून डायरेक्ट केलेलं! आधीच्या कुठल्यातरी भाडेकरूच्या वेळी सारखा ट्रिप होत असणार म्हणून कोणीतरी शॉर्ट करून दिलेला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, थर्मोस्टॅट बिघडला तर दुसरं संरक्षण म्हणजे हा कटआउट, आणि तोही गेला तर उरतो फक्त तो व्हॉल्व्ह. आमच्याकडे सगळी मदार त्या एका व्हॉल्व्हवर होती आणि तो बिचारा गळून गळून आम्हाला सांगत होता. तोच जर क्षाराने जाम झाला असता तर टाकी फुटायची वेळ आली असती. कोणीही इलेक्ट्रिशियन "डायरेक्ट करून देतो, ट्रिप होणार नाही" म्हणाला तर प्लीज नाही म्हणा, कितीही घाई असली तरी.

दादा म्हणाले, "ताई, इथे हार्डवेअरच्या दुकानात मिळेल पण लोकल मिळेल, लोहार चाळीत जाता आलं तर बघा, आणि जुना पीस सोबत न्या." ही सूचना फार कामाची निघाली. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत गेले. (रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.) काउंटरवर पहिला प्रश्न आला, "रॉडवाला की कॅपिलरी?" दोन प्रकार असतात. रॉडवाल्यात लांब दांडी सरळ टाकीतल्या पॉकेटमध्ये (बंद टोकाच्या नळीत) जाते, त्यात दांडीची लांबी जुळायलाच लागते. कॅपिलरीमध्ये तांब्याची बारीक नळी आणि टोकाला बल्ब असतो, आतलं द्रव तापून फुगलं की ते कॉन्टॅक्ट ढकलून तोडतं. आमचा कॅपिलरीवाला. दुकानदाराने नळीची लांबी, बल्बची जाडी आणि नॉबची दांडी तिन्ही जुन्या पीसशी जुळवून बघितली, थर्मोस्टॅटवर १६ अँपिअर २५० व्होल्ट छापलेलं आहे ते मला स्वतः दाखवलं (२००० वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो, म्हणजे आरामात बसतं) आणि वर सांगितलं की नळी गोलाकारच वळवा, घडी पडली तर पार्ट गेलाच. थर्मोस्टॅट ३५० ला, कटआउट १२० ला. एक स्टार का कापला तर पक्कं बिल मागितल्यावर तोंड वाकडं केलं आणि वॉरंटी विचारली तर "इलेक्ट्रिक पार्टला वॉरंटी नसते" म्हणाला. मी बिलासाठी थांबले, घरमालकांना द्यायचं होतं म्हणून, शेवटी दिलं त्याने.

बसवायला तासाभराच्या आत झालं. शॉर्ट केलेली वायर काढली, कटआउट नवीन टाकला, बल्ब पॉकेटमध्ये पूर्ण आत गेलाय का ते दोनदा बघितलं, कारण तो अर्धा बाहेर राहिला तर त्याला पाणी थंडच वाटतं आणि सगळी कहाणी परत पहिल्यापासून. अर्थिंग पण चेक करून दिलं, ते मी मागितलंही नव्हतं. मजुरी ४००. मग माझ्यासमोर गीझर चालू करून दिवा आपोआप बंद होईपर्यंत थांबले, मला हे सगळ्यात आवडलं.

आता बिलाचं. १ लिटर पाणी १ डिग्रीने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात आणि १ युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. १५ लिटर पाणी २७ वरून ६० वर न्यायला जेमतेम ०.५८ युनिट लागतं, ९५ पर्यंत नेलं तर १.२. आणि थर्मोस्टॅट बंदच करत नसेल तर गीझर चालू राहिलेल्या प्रत्येक तासाला सरळ २ युनिट. आमच्याकडे सकाळी एकेक जण अंघोळीला जाईपर्यंत तो चालूच असायचा, म्हणजे विचार करा.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर अपेक्षा भलत्याच वाढतील. नुसतं टेंपरेचर कमी केलं म्हणून अंघोळीची वीज वाचत नाही. २० लिटरची बादली ४० डिग्रीची करायला ०.३ युनिटच्या आसपास उष्णता लागतेच, पाणी जास्त कढत असेल तर तुम्ही गार जास्त मिसळता एवढाच फरक. वाचतं ते टाकीत उरलेल्या पाण्याचं, जे संध्याकाळपर्यंत गार होऊन वाया जातं, आणि गीझर विनाकारण चालू राहायचा त्याचं. त्यामुळे ज्यांचा थर्मोस्टॅट ठीक आहे त्यांनी बदलून काही फायदा नाही, त्यांनी फक्त नॉब खाली आणावा आणि काम झालं की स्विच बंद करावा. आमचा पूर्ण बिघडलेला होता म्हणून महिन्याला २५-३० युनिटचा फरक दिसला. महावितरणचं बिल स्लॅबने येतं, १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ च्या पुढे अजून महाग, म्हणजे वाचलेले युनिट वरच्या महाग स्लॅबमधलेच कमी होतात. एका सीझनमध्येच पैसे वसूल.

नॉब मी ६० वर ठेवलाय. अजून खाली आणायचा मोह होतो पण साठलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ डिग्रीला, लिजिओनेलासारखे बॅक्टेरिया वाढतात, त्यामुळे ४०-४५ वर ठेवू नका.

घरमालकांचं म्हणाल तर आधी फोन केला, "काका, गीझरचा थर्मोस्टॅट गेलाय आणि कटआउट शॉर्ट केलेला आहे, बदलून घेऊ का?" आणि त्या वायरचा फोटो पाठवला. फोटो बघून ते स्वतःच घाबरले, "अगं लगेच करून घे, भाड्यातून कापून घे" म्हणाले. बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये फिटिंगला हात लावायचा नाही असं लिहिलेलं असतं, पण बिघडलेल्या पार्टच्या जागी तसाच पार्ट टाकणं म्हणजे रिपेअर, तरी मेसेजवर लेखी हो घ्या आणि जुना पार्ट फेकू नका, मी तो पिशवीत घालून माळ्यावर ठेवलाय, डिपॉझिट परत घेताना प्रश्न नको.

तुमच्या बिल्डिंगला टँकरचं किंवा बोरचं पाणी येत असेल तर मिस्त्रीला त्याच वेळी पाणी तापवणारी कॉइलपण बघायला सांगा, जड पाण्याने तिच्यावर क्षाराचा थर बसतो आणि तापायला वेळ लागतो. आम्हाला महापालिकेचं तलावाचं पाणी, त्यामुळे कॉइल बऱ्यापैकी स्वच्छ निघाली. आणि बाथरूममध्ये ३ लिटरचा इन्स्टंट गीझर असेल तर वरचं बचतीचं गणित लागू नाही, त्यात पाणी फारसं साठूनच राहत नाही, पण कटआउट कोणी डायरेक्ट केलाय का एवढं मात्र उघडून बघून घ्या.