जुन्या गाडीचे ब्रेक: मूळचेच नीट करायचे की मोठं किट बसवायचं?

फियाट पालिओ १.६ जीटीएक्स, होंडाची पहिली सिटी व्हीटेक, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस. १०० ते १५० हॉर्सपॉवरच्या या गाड्यांनी विशी गाठली किंवा ओलांडली, तरी पळायला अजून तरण्या आहेत. थांबायला मात्र कुरकुरतात. सोलापुरात अशी गाडी जपणाऱ्यापुढे मुख्य वाटा दोन: आहेत तेच ब्रेक नव्यासारखे करून घ्यायचे, नाहीतर बाहेरून मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनच्या कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किट मागवायचं. माझा कौल पहिल्या वाटेला आहे, आणि तो निव्वळ पैशासाठी नाही.

शेवटी गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. पेडल जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत असतील किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थरथरत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. तिथं मोठी डिस्क लावून पहिल्या कडक ब्रेकचं अंतर घटत नाही. किटचा खरा उपयोग उष्णतेशी आहे. १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, १२० वरून हाच आकडा ६६० च्या पुढे जातो. त्यातली बहुतेक उष्णता डिस्क आणि पॅडच सोसतात. हेच लागोपाठ दहा-बारा वेळा केलं की लहान डिस्क भट्टीसारखी तापते आणि ब्रेक धरेनासा होतो. मोठी, जड डिस्क तग धरते. चेन्नईजवळच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याने म्हणूनच किट घ्यावं, त्यात वाद नाही.

आपल्याकडचं चालवणं वेगळं. हैदराबाद रोड काय, विजापूर रोड काय, सपाट आणि सरळ. बराच वेळ ब्रेकला पाय लागत नाही आणि लागतो तो एकदम: हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, नाहीतर गावाच्या तोंडाशी पट्टे पुसलेला स्पीडब्रेकर. तुळजापूरचा घाट हा अपवाद, पण तो छोटा आहे. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर मूळचे ब्रेक तिथं सहज पुरतात.

आता मूळचे ब्रेक नीट करणं म्हणजे नुसते पॅड बदलणं नव्हे. सुरुवात ब्रेक ऑइलपासून. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ धरते आणि पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलून एअर काढून घ्या. नुसतं वरून टॉप-अप करणं बिनकामाचं. मग रबरी होज. जुने झाले की दाबाखाली फुगतात आणि ब्रेक स्पंजी लागतो. स्टीलच्या जाळीचे होज घातले तर पेडल घट्ट लागतं, आणि माझ्या मते सगळ्या खर्चात हाच सर्वांत वसूल होणारा. कॅलिपरच्या पिना जाम झाल्या असतील तर आतला आणि बाहेरचा पॅड कमी-जास्त झिजलेला दिसेल. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ढकलणारा भाग) पाझरतोय का, तेही उघडूनच बघा. डिस्कवर खाच पडली की गॅरेजवाले लेथवर फेसिंग करून देतात. चालेल, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेली तर नवीच घ्या. ‘रेसिंग’ पॅडचा मोह टाळा. ते तापल्यावर पकडतात; सकाळी थंड गाडीने सात रस्त्याच्या सिग्नलला आलात तर दचकाल.

किटची दुसरी बाजू दुकानदार सहसा सांगत नाही. १४ इंची रिममध्ये ते मावेलच असं नाही. मग रिम, टायर, खर्च वाढत जातो. पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं आणि मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइल ढकलणारा पंप) जुनाच राहिला तर पेडल जास्त खाली जातं. पुढचे ब्रेक गरजेपेक्षा जोरकस झाले की पुढची चाकं लवकर लॉक होतात आणि मागचे ब्रेक नुसते नावाला उरतात. शिवाय पॅड संपले की कुरिअरची वाट बघत गाडी उभी. कायद्याचंही आहेच: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल मान्य नाहीत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्यावी लागते, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनीही हा प्रश्न काढू शकते.

तिसरी टूम म्हणजे मागचे ड्रम काढून डिस्क बसवणं. ऑक्टाव्हिया आरएसला चारही चाकांना डिस्क आहेतच, तिथं प्रश्न नाही. पालिओ-सिटीत मागच्या चाकांचा थांबवण्यातला वाटा मुळातच कमी, त्यात हँडब्रेकची केबल नव्याने जुळवायची. दिसायला छान, एवढंच.

आणि कोटेशन मागवण्याआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर कडक होऊन त्यावर बारीक चिरा दिसत असतील, तर किटसाठी ठेवलेले पैसे आधी चार नव्या टायरांवर घाला.