सार्पो मिरा: करप्याला पुरून उरणारं बेणं, रश्शाला मात्र नको

ब्रिटनमध्ये परसात किंवा अलॉटमेंटवर (भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर) बटाटा लावणाऱ्यांचं जुलै-ऑगस्टमधलं दुखणं एकच, करपा, म्हणजे ओल्या हवेत पसरणारा, पाला आणि कंद कुजवणारा रोग. सलग दोन दिवस पारा १० अंशांखाली उतरला नाही आणि रोज किमान सहा तास आर्द्रता ९० टक्के किंवा त्याहून जास्त राहिली, की धोक्याचा इशारा येतो. मग मारिस पायपरसारख्या वाणाचा पाला बघता बघता काळा पडतो. जागा ओलसर असेल आणि फवारणी करायची नसेल, तर सार्पो मिराचं बेणं डोळे झाकून घ्यावं.

हंगेरीतल्या सार्वारी कुटुंबाने पैदास केलेला हा वाण वेल्समधल्या बांगोरजवळच्या सार्वारी ट्रस्टने ब्रिटनमध्ये आणला. त्याच्या प्रतिकारशक्तीचा मोठा वाटा मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिस्सम या रानबटाट्याचा. त्याची गुणसूत्रं ७२, आपल्या बटाट्याची ४८. पहिल्या संकरात दोघांची अर्धी-अर्धी मिळून ६० येतात. शिवाय चिमुकले कंद आणि कडवटपणाही येतो, म्हणून पुढे पुन्हा पुन्हा लागवडीच्या बटाट्याशीच संकर करत राहावं लागतं. एकच प्रतिकारक जनुक असेल तर करप्याचे नवे प्रकार त्याला लवकर चकवतात; मिरात अशी किमान पाच जनुकं आहेत. तरी ओल्या वर्षी हंगामाअखेर पानांवर डाग दिसतील. त्याने घाबरू नये, पाला एकदम बसत नाही.

कोंब उशिरा फुटतात, म्हणून बेणं फेब्रुवारीतच उजेडात, थंड जागी मांडून ठेवा. एप्रिलमध्ये १२-१५ सेंमी खोल लावा; दोन बेण्यांत ४० सेंमी, दोन ओळींत ७५ सेंमी अंतर हवं. पाला मीटरभर वाढतो आणि वाऱ्यात लोळतो, त्यामुळे लहान कुंडीत हा वाण नकोच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती काढणीत. बाकी वाण सुकले तरी मिरा हिरवागार असतो. तो आपोआप वाळेल म्हणून थांबलात तर कंद बेढब मोठे होतात आणि गोगलगायींची चंगळ होते. ऑगस्टअखेर एक झाड उकरून बघा. कंद मुठीएवढे झाले असतील तर सगळा पाला जमिनीलगत कापा आणि दोन-तीन आठवड्यांनी, साल घट्ट झाल्यावर काढणी करा. अंगठ्याने चोळून साल सुटत असेल तर अजून थांबा.

साल लाल, गर पिठूळ. वड्याचं सारण, पराठा, ओव्हनमध्ये सालासकट भाजणं यांना उत्तम. सारण कोरडं राहतं, वडा फुटत नाही. रश्शात मात्र फोडी विरघळतात (दाट रस्सा आवडणाऱ्यांची तक्रार नसेल). चव ठीकठाक, फार काही नाही. अंधाऱ्या, थंड जागी गोणपाटात मात्र सुरेख टिकतो.

बेणं प्रमाणितच घ्या. सामानातून भारतात नेऊ नका: परवान्याशिवाय आणायला बंदी आहे, शिवाय मंचर-खेडकडच्या तीन-साडेतीन महिन्यांच्या रब्बीत हा उशिरा तयार होणारा वाण बसणारही नाही.